पाणी न पिणारे व्याही

आमच्या झरी गावात आलेल्या माणसाला चहा घेणार का, असं कुणी विचारत नाही. विचारलं की समजावं, द्यायची इच्छा नाही. चहा न विचारता येतो, आणि पाहुणा नको म्हणाला तर निदान अर्धा कप तरी त्याच्या हातात कोंबला जातो. तोही नको म्हणणाऱ्याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे, असं मी आयुष्यभर धरून चालले.

आणि माझा राग! तो नाकावरच बसलेला असतो. शाळेतली पोरं सांगतील, आमचे हे तर न विचारता सांगतील.

मुलगा पुण्याला नोकरीला. तिथंच त्यानं मुलगी पसंत केली, उत्तर प्रदेशातली. मागच्या हिवाळ्यात तिचे आईवडील घर बघायला आमच्याकडे आले. ते यायच्या आधीच माझा निकाल तयार होता. तिकडच्या बायका डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढतात म्हणे, सासऱ्यासमोर बोलत नाहीत म्हणे. म्हटलं, मागासलेली माणसं, आपणच सांभाळून घ्यायचं. आम्ही बौद्ध, घरात दोन मास्तर, आम्हाला कोण काय शिकवणार!

पाहुणे मुलासोबत परभणीहून जीपनं आले, धुळीनं माखलेले. मी पाण्याचे ग्लास पुढे केले. मुलीच्या वडिलांनी हात जोडले, नको म्हणाले. चहा आणला, नको. शिरा आणला, तोही नको. आईनं ग्लासाकडे पाहिलं, आवंढा गिळला आणि मान हलवली. हिंदी आम्हाला परकी नाही, तरी त्यांचं बोलणं मी इथं आपल्या भाषेतच सांगते.

थोड्या वेळानं वडील फोनच्या निमित्तानं बाहेर गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते तर काय, शेजारी मेंढरं पाळणारं कुटुंब आहे, त्यांच्या अंगणात हा गृहस्थ तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी पितोय!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या आजीला लोक वरून पाणी ओतायचे, ती ओंजळीनं प्यायची. ते मी तिच्या तोंडून ऐकलेलं होतं. ते पाणी फिरून माझ्या दारात आलं, असं वाटलं. लग्न गेलं खड्ड्यात! ते आत येऊन बसतात न बसतात तोच मी पुढे झाले.

"शेजारचं पाणी चालतं, आमचं चालत न्हाई का? आमी कोण हाव ते पोरानं तुमाला आधीच सांगितलं होतं. मग इथवर आलात कशाला?"

मुलगा पांढराफटक. "आई, ऐक तरी..."

वडील ताडकन उठले आणि त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. म्हणाले, "ताई, आमच्याकडे मुलीच्या सासरचं पाणी बाप पीत नाही. आईही नाही. जिथं मुलगी द्यायची, तिथं घ्यायचं काहीच नाही. स्थळ पसंत नसतं तर मी मजेत चहा पिऊन निघून गेलो असतो."

आमचे हे खो खो हसायला लागले. "घ्या! ते सोयरीक जोडून बसले अन् ही मोडायलीय!"

बाजेवर माझ्या सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, "भाची माझी लहानपणापासूनच लय तापट."

"भाची?" मुलीच्या आईनं विचारलं.

झालेली चूक भरून काढावी म्हणून मी कौतुकानं सांगितलं, "या नुसत्या सासू न्हाईत, माझ्या सख्ख्या आत्या हायत. मी आत्याच्याच घरात दिलेली."

आईनं पदर तोंडाला लावला. वडिलांनी एकदा माझ्याकडे, एकदा ह्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे... भाऊ-बहीण?"

"भाऊ कशाला? आत्याचा पोरगा! हक्काचा नवरा!" माझा आवाज पुन्हा चढला. पण त्यांचा चेहरा बघितला आणि थांबले. खिडकीत उभी असताना माझं तोंडही अस्संच झालं असणार. मला हसूच फुटलं, काही केल्या आवरेना. ते मात्र हसत नव्हते. आता लग्न मोडतंय ते त्यांच्या बाजूनं, हे मुलाच्या घामावरून कळत होतं.

वडील म्हणाले, "पुढे नातवंडांची लग्नंही अशीच...?"

"त्यांचं ती बघतील," आमचे हे म्हणाले. "आमी कुणाच्या गळ्यात कुणाला बांधत न्हाई."

वडिलांनी सुस्कारा सोडला. "एवढं करा, वऱ्हाड घेऊन याल तेव्हा आमच्या गावात हे बोलू नका."

"न्हाई बोलत. अन् तुमी आमचं पाणी पेत न्हाईत, हे आमी झरीत सांगत न्हाई!" ह्यांनी लगेच शब्द दिला.

तेव्हा कुठं ते हसले. तारखेचं बोलणं सुरू झालं.

मुलीची आई माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. घर बघते म्हणाली, पण बघत होती माठाकडे. मग हळूच बोलायला लागली. थोरली मुलगी त्यांच्याच जातीत, त्यांच्याच जिल्ह्यात दिलेली. दहा वर्षं झाली. आई भेटायला गेली की ती ग्लास भरून समोर ठेवते, दर वेळी, आणि आई तो तसाच ठेवून निघते.

एवढं सांगून तिनं मी माठातून भरलेला तांब्या माझ्या हातातून घेतला. बाहेरून कुणाला दिसू नये म्हणून मी दारात आडवी उभी राहिले. तिनं अख्खा तांब्या संपवला, तोंड पुसलं, आणि माझा हात घट्ट धरून म्हणाली, "थोरलीला सांगू नका."