विम्याच्या पलीकडचा रस्ता

आणीबाणी उठल्यानंतरचा हिवाळा होता. मी तेव्हा खोपोलीत ट्रक-टेंपोंचे विमे उतरवायचो. एका सकाळी खालापूरच्या ठाण्यातले हवालदार माझ्याकडे आले. म्हणाले, "चला जरा. परदेशी गाडी हाय. तिचे कागद वाचायला माणूस पायजे."

ठाण्यासमोर धुळीनं माखलेली छोटी गाडी उभी होती, पुढचा एक दिवा फुटलेला. आत बाकावर साठीच्या घरातली एक गोरी बाई होती आणि शेजारी मनगटाला पट्टी बांधलेला एक शेतकरी. पेंढ्यानं भरलेली बैलगाडी घेऊन तो हमरस्त्यावर चढत होता. वळणावर बाईंना ती उशिरा दिसली. बैलगाडीचं चाक मोडलं, हा खाली पडला. बाईंनी त्याला आपल्याच गाडीतून डॉक्टरकडे नेलं आणि मग स्वतःहून ठाण्यात आल्या.

मी मोडक्या इंग्रजीत विमा विचारला. त्यांनी आधी एक हिरवा कागद पुढे ठेवला, जर्मनीहून निघताना घेतलेला. त्यावर चौकटींत देशांची अक्षरं होती. जिथं विमा चालत नाही, त्या देशांवर काट मारलेली.

"तुर्कस्तानपर्यंत माझी कंपनी सोबत होती," त्या म्हणाल्या. "पुढे प्रत्येक सरहद्दीवर त्या त्या देशाचा विमा घेतला."

आपल्याकडचा कागद अमृतसरचा होता आणि त्याची मुदत शिल्लक होती. माझं काम तिथंच संपलं होतं, पण राहवेना.

"सगळीकडे मिळाला?"

"अफगाणिस्तानात नाही."

"मग काय केलंत?"

"सावकाश चालवली."

विम्याशिवाय गाडी नाक्याच्या पुढे काढू नका, असं मी ड्रायव्हरांना रोज बजावायचो. आता मी बाईंच्या हातांकडे पाहिलं.

"काय म्हनतात बाई?" शेतकऱ्यानं विचारलं. मी सांगितलं.

"बोटीनं नाय आल्या?"

"नाही. सगळं गाडीनंच."

तो उठून दारात गेला आणि बाहेरच्या हमरस्त्याकडे बोट दाखवलं. "म्हंजे आपला ह्योच रस्ता तितवर जातो?"

"हाच."

"आन येकट्याच आल्या?"

मी मान डोलावली. तो परत आला आणि हवालदारांना म्हणाला, "लिवा, बैल बरे हायेत. मीबी रस्ता न बघताच गाडी वर काढली."

दुपारी तो बाईंना घरी जेवायला घेऊन गेला, दुभाषा म्हणून मलाही. त्याच्या बायकोनं तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. बाईंनी मांडी घालून, दोनदा मागून घेऊन खाल्लं. नव्या चाकाची भरपाई पुढे काही महिन्यांनी विम्यातून मिळाली.

ऊन कलायच्या आत बाई घाटाकडे निघाल्या. गाडी दिसेनाशी झाली तरी शेतकऱ्याची बायको पदर धरून उभीच होती. "वाटेत कुनी हिला विचारलं आसंल का, जेवलीस का म्हनून," ती हळूच म्हणाली.

परतताना मी सायकल थांबवली, वाकून डांबरावर तळहात ठेवला. रस्ता उन्हानं कोमट होता. तो तसाच पुढे पुढे जात होता, माझ्या कल्पनेच्याही पलीकडे.