बस्त्यावचं 'भायेर'

व्हाइटबोर्डवर सगळ्या खेळाडूंच्या नावांची मॅग्नेट होती. डावीकडे 'ठेवायचे', उजवीकडे 'सोडायचे'. कोच सरांनी बस्त्यावचं मॅग्नेट उचललं आणि उजवीकडे चिकटवलं. कारण, माझी शीट.

मी वसईतल्या एका प्रोफेशनल फुटबॉल क्लबचा व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट. मॅचचं रेकॉर्डिंग बघायचं, कोण किती पळला ते शीटमध्ये भरायचं. जोडधंदा मिमिक्री, तो फुकट. आम्ही लीगमध्ये तळाला गेलो म्हणून कोल्हापूरचे नवे कोच आणले. संध्याकाळपर्यंत त्यांना रिलीज लिस्ट द्यायची होती. रिलीज म्हणजे हातात नारळ.

बस्त्याव इथल्याच राजोडी गावचा. सेंटर बॅक, म्हणजे गोलकीपरच्या पुढे मधोमध असतो तो. वय पस्तीस. शीटमध्ये सगळ्यात स्लो.

"सर, ह्या वयात त्याला दुसरा कुठला क्लब घेणार?"

"तुझ्याच शीटनं सांगितलंय की. आता तुलाच का पुळका?"

दुपारी प्रॅक्टिस मॅच होती. बस्त्याव बेंचवर, त्याच्या जागी एक फास्ट डिफेंडर. मी गोलच्या मागे ट्रायपॉड लावून उभा. पंधरा मिनिटांत तीन गोल खाल्ले.

आपल्या गोलसमोरून बॉल लांब मारला की चारही डिफेंडरनी एका रेषेत पुढे सरकायचं असतं. मग समोरचा स्ट्रायकर मागे एकटाच उरतो आणि ऑफसाइड होतो, म्हणजे त्याने गोल मारला तरी धरत नाहीत. आपला एक जरी मागे राहिला तर ऑफसाइड गेलं, गोल आला. आमचे चौघं स्टँडवरून सुटलेल्या रिक्षांसारखे चार दिशांना.

मला कंटाळा आला, की माझ्या तोंडून दुसराच कुणीतरी बोलायला लागतो. बॉल लांब गेला आणि मी घसा खरवडून बस्त्यावच्या आवाजात ओरडलो, "भायेर!"

भायेर म्हणजे बाहेर, गोलपासून पुढे सरका; त्याच्या घरची बोली. मॅचभर त्याचं हेच चालू असतं.

चौघंही एकदम पुढे सरकले. पट्टीने आखल्यासारखे. मागे वळूनही कुणी पाहिलं नाही. स्ट्रायकर एकटा, ऑफसाइड.

योगायोग असेल म्हणून पुन्हा ओरडलो. पुन्हा सरकले. मग म्हटलं, "कोन हाय मागं?" उजवीकडच्या केरळच्या डिफेंडरने मान वळवली आणि समोरच्या टीमचा सुटलेला माणूस बरोबर पकडला. त्याला मराठी येत नाही. त्याला वाटतं ही फुटबॉलची भाषा आहे.

सरांनी शिट्टी मारली. "कोण वरडलं?"

बस्त्यावच्या तोंडात केळं होतं. "मी नाय, सर. पन आवाज माझाच हाय."

मी हात वर केला, तसे सर मला घेऊन ऑफिसात आले. जुन्या मॅच लावल्या, ह्या वेळी आवाज चालू ठेवून. मी कायम म्यूट करून, कानात गाणी लावून बघायचो. बस्त्याव दुखापतीमुळे बाहेर होता त्या मॅचमध्ये मागे नुसती शांतता, आणि गोलवर गोल. तो असला की बॉल निघायच्या आधीच त्याची हाक. माणूस स्लो नव्हता. तो आधीच तिथे पोचलेला असायचा, मग पळेल कशाला? एका घशावर अख्खी टीम उभी होती आणि मी तोच म्यूट केला होता.

सर उठून बोर्डापाशी गेले. त्यांनी बस्त्यावचं मॅग्नेट डावीकडे आणलं.

"ह्याच्या दोन्ही अंगाला पळणारी पोरं आणूया. हा बोलंल, ती पळतील."

तशीच टीम बांधली. नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवलेला पहिला शब्द 'भायेर'. पुढच्या सीझनला आम्ही टेबलाच्या मधोमध होतो. तळातून वर बघणाऱ्याला ते केवढं उंच दिसतं, विचारू नका.

माझ्या शीटमध्ये आता एक कॉलम वाढलाय: 'बोलतो का?' आणि मॅचच्या दिवशी ग्राउंडवर मला तोंड उघडायला बंदी आहे.