रसाच्या ग्लासातली गांधीलमाशी

शीतलच्या लग्नाची उद्या सुपारी फुटणार, असं मित्राने सकाळी सांगितलं आणि मी चहा अर्धा टाकून गाडीला किक मारली. 'तासगावचे बेदाणे बघायला कधी जावं?' असं तुम्ही वाचक नेहमी विचारता. मार्चमध्ये जा, तेव्हा शेड भरलेल्या असतात. मीही मार्चमध्येच गेलो, पण बेदाण्यांसाठी नाही.

शीतल उंब्रजला मामाकडे राहून कराडला नर्सिंग शिकायची. मी त्याच एसटीने बी.कॉम.ला जायचो. दुसऱ्या वर्षाला सरांशी भांडून मी कॉलेज सोडलं. तिने शिक्षण पुरं केलं आणि ती तासगावला आपल्या घरी गेली. तिला सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

उंब्रज ते कराड हायवेचं काम चालू आहे, तोंडाला रुमाल बांधा. कराडवरून शेणोली, पलूस असा रस्ता चांगला आहे, फक्त उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकायची तयारी ठेवा. तीनशेचं पेट्रोल जाऊन-येऊन पुरतं. हेल्मेटच्या आत मी एकच वाक्य घोकत होतो.

पलूसच्या पुढे घसा कोरडा पडला म्हणून रसवंतीवर थांबलो.

"मामा, चरक फिरवताय का झोपलाय?"

"आरं, ऊस हाय त्यो, नळ न्हाई."

ग्लास जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि न बघता तोंडाला लावला. जिभेवर निखारा ठेवल्यासारखं झालं. थुंकलो तर गांधीलमाशी. दुसरी झटकायला गेलो, ती बोटाला डसली.

"बघून तरी प्यायचं, गड्या! आन हिकडं बोट, चुना लावतो. तोंडाचं मात्र माझ्या हातात न्हाई. माघारी फिर, पलूसात दवाखाना हाय."

फिरलो नाही. उद्या सुपारी होती.

शीतलच्या वडिलांची, आबांची शेड गावाबाहेर आहे. जाळ्यांचे मजल्यावर मजले, त्यावर पोपटी द्राक्षं सुकत घातलेली, आणि सगळ्या हवेला गोड-आंबट वास. जिथे मिळेल तिथे अशी शेड आतून बघाच. मी बघितली नाही. बायकांच्या घोळक्यात शीतल बेदाणे निवडत होती, तेवढीच बघितली.

"कोन रं तू?" आबांनी विचारलं.

तोंड उघडलं, पण जीभ हलेना. लाळ गळायला लागली. घोकलेलं वाक्य तोंडातच राहिलं. बायका हसल्या. शीतल हसली नाही, उठून थेट समोर आली. इतक्या जवळ ती एसटीतसुद्धा कधी आली नव्हती.

"तोंड उघड. माशी चावली? आत? श्वास घ्यायला जड जातंय?"

मी मान डोलावली.

"आबा, त्यांना जीप काढायला सांगा. लगेच."

'त्यांना.' नाव न घेता. कवठे महांकाळचे पाहुणे नवरदेवासकट सुपारीच्या आदल्या दिवशीच आले होते, हे तेव्हा कळलं.

जीप तोच चालवत होता, हॉर्नवरचा हात न काढता. "दादा, दम धरा, आलंच," म्हणत होता. त्याचा राग करायला मी किती प्रयत्न केला! मागच्या सीटवर शीतलने मला ताठ बसवलं आणि तोंडात बर्फाचा खडा दिला.

"चोख. बोलू नको. हा चुना कुणी फासला?" बाटलीतल्या पाण्याने तिने बोट धुतलं. "घरी गेल्यावर साबणानं धू, थंड पट्टी ठेव. आणि खाजवू नको. नखातली घाण आत जाते, मग पू होतो. ऐकतोयस ना?"

ऐकत होतो.

दवाखान्यात इंजेक्शनं झाली, रात्रभर ठेवून घेतलं. संध्याकाळी सूज उतरली. तो माझ्यासाठी शहाळं आणायला बाहेर गेला, तेव्हा ती कॉटजवळ आली.

"आता बोल. एवढ्या लांब कशाला आला होतास?"

खिडकीतून तो दिसत होता. जीपमध्ये राहिलेली माझी चप्पल हातात धरून शहाळंवाल्याशी घासाघीस करत होता.

"बेदाणे न्यायला."

तिने कॉटवरची चादर सरळ केली. मग म्हणाली, "फोन करायचास की रे. आधीच."

सकाळी गाडी आणायला शेडवर गेलो, तर दारात मांडव. आबांनी बेदाण्यांची पिशवी हातात दिली. "जेवून जा की. गोडाचं हाय आज." पोट बरं नाही म्हणालो.

तुम्ही जाल तेव्हा रस बघून प्या. अंगावर कुठे माशी डसली तर साबण, पाणी, बर्फ. चुना, माती काही नको. मधमाशीचा काटा आत राहिला तर नखाने खरवडून लगेच काढा. तोंडात डसली, चेहरा सुजला किंवा दम लागला, तर कुठेही जाऊ नका, आधी दवाखाना गाठा. कुणी कितीही वाट बघत असलं तरी. नसलं तरी.

बेदाणे आईने बरणीत भरले. मी अजून एकही खाल्लेला नाही. बोट मात्र अंथरुणावर पडल्या पडल्या रोज खाजवत राहिलो. ते सुजलं, ठणकलं, शेवटी उंब्रजच्या डॉक्टरांनी पू काढून पट्टी बांधली.

"एवढं चिघळेपर्यंत खाजवलंस? खाजवू नको म्हणून कुणी सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.