गाळायचं फडकं

तुमच्या आजोबांपासून मी आयुष्यात एकच गोष्ट लपवली, आणि ते गेले तरी ती माझ्यापाशीच राहिली. तुमच्या बाबालाही ठाऊक नाही — खरं तर तो तेव्हा तिथेच, अंगणात खेळत होता. मीरा, ईशान, परवा तुम्ही फोनवर विचारलंत, आजी, निवडुंगाच्या फळांची जेली करतात म्हणे, तुला येते का? मी म्हटलं, येते, कृती लिहून पाठवते. लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीवर अडले. ती कृती माझी नाही.

तेव्हा क्रमानंच सांगते. मला तशीच सवय आहे.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. आजोबा गुरांचे डॉक्टर, आणि त्यांची बदली शहागडला झाली होती. शेतांना कुंपणं फड्या निवडुंगाची. बाकी सगळं वाळून गेलेलं, पण थंडी सरताना त्या निवडुंगावर लालभडक बोंडं लगडायची. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. माझ्याकडे इंग्रजी पाककृतींचं जाड पुस्तक होतं, त्यात जेलीचं वेगळं प्रकरण. मी साखर मापून घ्यायची, शेजारी घड्याळ ठेवायची. जेली काही व्हायची नाही. पाक व्हायचा — सुंदर रंगाचा, ताटलीभर पळणारा.

आणि सुलोचनाबाईंची थरथरत उभी राहायची. सुरीनं वडी पाडावी अशी.

सुलोचनाबाई म्हणजे शाळेतल्या गुरुजींची बायको. सातवी शिकलेली. घर बौद्धांचं. गावातल्या बायका तिच्याशी रस्त्यात गोड बोलायच्या, पण तिच्या घरचं पाणी प्यायच्या नाहीत. मी प्यायचे. मी पिते, याचा मला केवढा अभिमान होता! आज वाटतं, ज्याचा अभिमान बाळगावा लागतो ते पाणी कसलं?

तिनं युक्ती लपवली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं ती उभ्या उभ्या सांगून टाकली. "बोंडात धरायचा गुणच न्हाई, ताई. कवठाचा गर टाका थोडा. शिवरात्रीची कवठं पडूनच राह्यतात की घरात. तुमच्या पुस्तकवाल्याला कवठ कुठून म्हाईत असणार?" आणि हसली. मीही हसले. घरी येऊन ते पुस्तक पेटीच्या तळाशी टाकलं.

कवठ घालूनही माझी तिच्यासारखी झाली नाही. सहा वर्षांचा तुमचा बाबा पोळी हातात धरून म्हणाला, "आई, तू करू नको ना. मी काकूंकडे जाऊन खातो." आजोबा म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." गमतीनं म्हणाले. पण मला ते लागलं. एवढ्याशा गोष्टीचं? हो, एवढ्याशाच. मत्सराला कारण मोठं लागतं असं तुम्हाला वाटतं का?

मग तालुक्याहून मुख्यसेविका आल्या. महिला मंडळात मुरंबे-जेलीचा वर्ग काढायचा होता, आणि शिकवायला गावातलीच बाई हवी होती. मला वाटलं — साहजिकच मी. त्यांनी माझ्याच ओसरीवर बसून सुलोचनाबाईंची जेली चाखली आणि म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी यांनी सगळ्यांसमोर करून दाखवावी. जमलं तर वर्ग यांच्याकडे.

माझं घर मोठं, म्हणून करून दाखवायचं माझ्याच अंगणात ठरलं.

इथे तुम्हाला बोंडांबद्दल एक सांगायला हवं. बोंडावर मोठे काटे दिसतात, ते काही करत नाहीत. वाईट असते ती कूस — केसाहून बारीक, डोळ्यांना न दिसणारी. जिभेत रुतली की दोन-दोन दिवस निघत नाही. म्हणून फडकी दोन लागतात. एकानं बोंडं घासून पुसायची, दुसऱ्यानं रस गाळायचा. पुसायचं फडकं कितीही धुवा, कूस त्यात राहतेच. सुलोचनाबाईंची दोन्ही फडकी गुरुजींच्या एकाच जुन्या धोतरातली, म्हणून पुसायच्या फडक्याच्या कोपऱ्याला ती गाठ मारून ठेवायची.

बुधवारी ती येऊन बोंडं पुसून, सोलून ठेवून गेली. तिची फडकी मी धुतली. धुताना गाठ सोडली — गाठीत मळ राहतो म्हणून. हे खरं आहे. निदान इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. दोन्ही शेजारी शेजारी वाळत घातली. कुठलं कोणतं, ते मला माहीत होतं. अगदी पक्कं.

गुरुवारी पंचवीसेक बायका जमल्या. चूल पेटवता पेटवता सुलोचनाबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, आज ह्या बाया माझ्या हातचं खातील. बघून राह्यले ना मी, सगळ्या वाट्या घेऊन बसल्यात." तिचे डोळे लकाकत होते. वर्गापेक्षा तिला त्याचंच अप्रूप होतं.

रस उकळला. ती दोरीपाशी गेली, दोन्ही फडक्यांचे कोपरे चाचपले, गाठ सापडेना. तिनं एक उचललं आणि लांबूनच माझ्याकडे पाहिलं. हेच ना?

ते पुसायचं होतं.

मी मान हलवली. हो.

बस, एवढंच. एक शब्दही बोलले नाही मी. पातेलं उतरवायला, साखर घालायला, थेंब ताटलीत टाकून बघायला वेळ लागतो — त्या सगळ्या वेळात मी सांगू शकत होते. वाट्या भरल्या, निवल्या. तरीही. मी स्वतः खाल्ली नाही. बाबालाही आत बोलावून घेतलं. म्हणजे मला सगळं कळत होतं, नाही का?

आधी कुणीतरी खोकलं. मग एकेक जण थुंकायला उठली. मुख्यसेविका पदर तोंडाला लावून बसल्या. आणि पाटलीणबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी म्हन्ले न्हवते का? ह्यांच्या हातचं खायाचंच न्हाई. तुम्हीच भरीस घातलं, डॉक्टरीणबाई."

त्या वाक्यातल्या एकाही शब्दाला मी हरकत घेतली नाही. सुलोचनाबाई पळी हातात धरून उभीच होती.

वर्ग मला मिळाला. आमची बदली होईपर्यंत मी तो चालवला, कवठाची युक्ती माझी म्हणून शिकवली. गावात पुन्हा कुणी तिच्या हातचं खाल्लं नाही. वर्षभरात गुरुजींनी बदली मागून घेतली.

ते जाण्याच्या खूप आधी, त्या गुरुवारनंतर दोनच दिवसांनी, ती माझ्याकडे आली होती. ओसरीवर चढली नाही. यापूर्वी सरळ स्वयंपाकघरात यायची. खाली उभी राहूनच म्हणाली, "ताई, तुमच्या दारात तुमचं नाव खराब केलं मी. माझंच ध्यान न्हाई राह्यलं बघा. तुम्ही रागावू नका."

मी म्हटलं, "जाऊ द्या सुलोचनाबाई. मी मनावर घेतलेलं नाही."

तिनं माझे आभार मानले.