बाबांच्या उशाची बॅटरी

काशीत मंगला गौरीच्या देवळाजवळ आमचं घर; तिथे लाइट गेली की इन्व्हर्टरमधून 'टक्' आवाज यायचा आणि बाबांच्या उशाचा दिवा तेवढा चालू राहायचा. त्यांचं ऑक्सिजनचं यंत्रही त्याच बॅटरीवर चालायचं. सोडियमची बॅटरी. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत असल्याच म्हाताऱ्या बॅटऱ्या खोलून आतला माल पुन्हा वापरात आणायचा, हे माझं काम. तिथूनच चाचण्या संपलेला तो बॅटरीचा डबा मी मागून आणला होता. बाबा गेले. यंत्र भाड्याचं होतं, ते परत गेलं. बॅटरी राहिली.

आणि ते टक् राहिलं. वाजलं की आई हातातलं टाकून आतल्या खोलीत पळायची, रिकाम्या गादीवर ऑक्सिजनची नळी चाचपायची. "अगं आई, काय करतेस?" म्हटलं की ओशाळायची, पण पुढच्या वेळी पुन्हा तेच. खरं सांगते, मला भीती वाटायची. बाबांची नाही, आईची.

मग डब्यातला एक सेल फुगलेला दिसला. आता हा घरात नको, म्हटलं. तर आई दारात आडवी.

"काय करणार त्याचं?"

"खोलणार. ॲल्युमिनियम वेगळं, काळी पूड वेगळी. त्यातून पुन्हा नवी बॅटरी होते."

"पुन्हा?" आई भडकलीच. "काशीत गेलेत ते! सुटलेत! शेवटपर्यंत त्यांचा श्वास ह्याच्यावर चालला, आणि तू तो कुणाच्या तरी ई-रिक्षात घालणार? परत गल्ल्या फिरायला?"

मला हसू आलं, आणि पाठोपाठ रडूही. "आग लागली म्हणजे कळेल!" असं मीच ओरडले, तेव्हा कुठे ती बाजूला झाली. डब्यावरून हात फिरवून म्हणाली, "सांभाळून ने."

खोलण्याआधी बॅटरी रिकामी करावी लागते. सोडियमची अगदी शून्यावर आणता येते. प्रयोगशाळेत नेऊन मी ती तशी आणली, तारा सोडवल्या आणि चहाला गेले. परत येऊन बघते तर मीटरवरचा आकडा वर चढत होता. तसं होतंच, आत उरलंसुरलं असतं ते हळूहळू वर येतं. म्हणून दोन्ही टोकं तारेने जोडून ठेवायची. इतकी वर्षं मुलांना हेच शिकवतेय मी. त्या दिवशी मात्र हात पुढे होईना. "बाबा, पुरे करा आता," मी चक्क मोठ्याने म्हणाले आणि तार जोडली.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आई भाजी निवडत होती, मी पोळ्या लाटत होते. लाइट गेली. टक् झालं नाही. घरभर अंधार, उशाचा दिवासुद्धा नाही. आणि लाटणं टाकून आतल्या खोलीत धावले ती मी. गादीवर चाचपत राहिले.

आई मागून मेणबत्ती घेऊन आली. माझे पिठाचे हात तिने धरले.

"नाहीये गं तिथे काही," म्हणाली. "मी कितीदा तरी बघितलंय."