कुत्रं माझं, मिरची बी माझी

डॉक्टरीणबाईंनी बाबूभाईच्या हाताची चिंधी सोडली आणि म्हणाल्या, "सेल्युलायटिस झालाय." सेल्युलायटिस म्हंजे कातडीखालचं मास नासाय लागतंय, सूज आणि लाली वर वर चढत जाती. "आणि चावा कॅटेगरी थ्री." म्हंजे दात आत रुतून रगात आल्यालं. कुत्रं चावून तिसरा दिवस हुता. हात भोपळ्यागत झालता.

बाबूभाई आमच्या मंगळवार पेठंतला गादीवाला. उजव्या हातातल्या दाभणावर त्येचं घर चालायचं. आमच्या अंगणात गादी भराय बसलता. कापूस पिंजायची धनुकली वाजाय लागली तसा आमचा राजा गुरगुराय लागला.

"अक्का, कुत्रं बांध की," बाबूभाई म्हणला.

"ते काय करत न्हाय," मी म्हणलं. कुत्रं पाळणारी समदीच असं म्हणत्यात. मी चहा ठेवाय आत वळले आणि राजानं त्येचा हात धरला.

आमच्यात कुत्रं चावलं की जखमंत लाल तिखट भरून गच्च बांधत्यात. इख वडून घेतंय म्हणत्यात. ल्हानपणी माझ्या पायात बी भरल्यालं. मी डबा आणला आणि मूठभर भरलं.

"नको गं अक्का, आग हुतीया!"

"बाप्या माणूस न्हवं तू? गप बस," म्हणलं, आणि चिंधी आवळली.

डॉक्टरीणबाईंनी इचारलं, "हे तिखट कुणी भरलं?" मी तोंड उघडायच्या आत बाबूभाई म्हणला, "मीच." बाई लई तापल्या. "नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी इथं यायचं. दुसरं काही लावायचं नाही. हात गेला तर काय करशील?" मी फरशीकडं बघत हुते. तुमच्यावर येळ आली तर तेवढंच करा, साबण आणि पाणी. म्हणून तर हे सांगतीया मी.

मग बाईंनी इचारलं, "कुत्रं पाळीव का मोकाट?" माझा ल्योक शिवा शिरोलीला फौंड्रीत हुता, सुट्टी टाकून आलता. त्येनं कोपरानं ढोसलं. आमचं मूळ कर्नाटकाच्या सीमेकडचं, म्हणून आईला अव्वा म्हणतोय. "अव्वा, मोकाट म्हण. केस हुती."

"कुत्रं माझं हाय," मी म्हणलं. "दारात बांधलंय. जित्तं हाय."

"बरं झालं सांगितलंत. दहा दिवस नजर ठेवा. मेलं, पिसाळलं, पळालं, तर लगेच कळवा."

कुत्र्याचं बोलाय धीर झाला. मिरचीचं न्हाय झाला.

एमएलसी केली. एमएलसी म्हंजे दवाखान्यानं पोलिसाला कळवायचं. हवालदार खाटंजवळच लिहून घेत हुता. म्हणला, "आज्जी, पाळल्यालं जनावर सांभाळायची हयगय. कलम दोनशे एकोणनव्वद. बांध म्हणलं हुतं न्हवं त्येनं?" मी म्हणलं, "व्हय."

जखमंच्या कडंनं सीरम टोचलं. लस कामाला लागूस्तवर सीरम राखण करतंय. मग दंडात लस, आज एक आणि ठरल्या दिवशी आणखी चार. दुसऱ्या दिवशी डिब्रिडमेंट, म्हंजे सडल्यालं मास कापून काढायचं. आत नेलं, आणि आमी भाईर बाकड्यावर. त्येची बायको शमा एका टोकाला, मी एका टोकाला. मी रोज भाकरी न्यायची. शमा डबा घ्यायची, तोंड उघडायची न्हाय. चवथ्या दिवशी उघडलं. म्हणली, "तुमच्या आमटीला मीठ कमी असतंय."

नवऱ्यावर तर तिचा रोज जाळ. "खुळ्या, तुला तिखट भराय सांगितलंतं कुणी?" त्यो भितीकडं तोंड करून पडायचा.

दहा दिवस झालं. राजा धडधाकट, भाकरी मागतंय. पिसाळल्यालं न्हवतं. बाईंनी पट्टी सोडली. "हात वाचला. शेवटची दोन बोटं आता मिटणार नाहीत." बाबूभाईनं मूठ वळून बघितली. तीन बोटं मिटली, दोन उभीच. त्येनं दोनदा बघितलं, मग हात चादरीखाली घातला.

दाभण तीन बोटांनी धरायला शिकाय त्येला वरीस लागलं.

मदीच कोर्टाची तारीख आली. मॅजिस्ट्रेट सायबांनी इचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"कबूल. आणि साहेब, तिखट बी मीच भरलं. चावलं कुत्र्यानं, बोटं मी घालवली."

वकिलानं कपाळाला हात लावला. साहेब म्हणलं, "आजी, त्याचा या केसशी संबंध नाही. दंड भरा, कुत्रं बांधून ठेवा."

पायरीवर बाबूभाई गाठ पडला. साक्षीला आलता. "कशाला बोललीस अक्का? मी झाकलं हुतं न्हवं?"

"म्हणून तर बोलले."

"मग शमाला बी सांग की. कोर्टानं सोडलं, ती मला अजून सोडंना."

तशीच त्येच्या उंबऱ्यात गेले. उभ्या उभ्याच सांगितलं. शमानं समदं ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडं बघून म्हणली, "खुळं ते खुळंच," आणि माझ्या म्होरं पाट सरकवला.