बाबांचा खुलासा

मी लिहावं एवढा माझा अभ्यास नाही, याबद्दल आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. सध्या कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात आरोप, ठपका, दोष, शिक्षा हे शब्द वेगवेगळे करून शिकवतात, तेव्हा मला साकीनाक्याची आमची खोली आठवते.

बाबा मरोळला एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या शर्टाला ऑइलचा वास यायचा. अजूनही एखाद्या वर्कशॉपसमोर तो वास आला की माझे पाय रेंगाळतात.

मी दहावीत असताना मशीनची एक महागडी डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, फुटली आणि बाबांच्या हातात आरोपपत्र पडलं. निष्काळजीपणाचा आरोप होता, तीन दिवसांत लेखी खुलासा द्यायचा होता. आमच्या घरी आरोप झाला म्हणजे शिक्षा झालीच.

"आता पोलीस येतील का हो?" आईने विचारलं.

"पोलीस कशाला, नोकरीच खातील!" शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या.

"तुम्ही गप बसा हो!" आई काकूंवर ओरडली.

आमच्या वस्तीत नळावर भांडण झालं की वयाने मोठा असेल तो आधी म्हणायचा, "चुकलं-माकलं माफ करा." तिथेच भांडण मिटायचं. चूक कुणाची, हे नंतर कुणी काढत नसे. बाबांनी मला समोर बसवलं आणि तेच लिहायला सांगितलं.

"पण बाबा, डाय तुमच्यामुळे फुटली का?"

"नाही रे. तिला आधीच तडा होता. मी सुपरवायझरला सांगितलंही होतं."

"मग ते लिहू ना?"

"साहेबाला उलट बोलायचं? माफी मागितली की माणूस निवतो."

मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. काकूंनी माझ्या अक्षराचं कौतुकही केलं.

चौकशीत तेच पत्र वाचून दाखवलं आणि आरोप मान्य असल्याची नोंद झाली. बाबांना कामावरून काढलं. युनियनने प्रकरण कामगार न्यायालयात नेलं. बाबा एका इमारतीत वॉचमन झाले. इतक्या वर्षांत त्यांनी त्या पत्रावरून मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर कदाचित मला हलकं वाटलं असतं.

गेल्या मंगळवारी मी लायब्ररीत होतो, तेव्हा त्यांचा फोन आला.

"निकाल लागला रे."

मी पुस्तक मिटून बाहेर आलो.

"माफी मागितली म्हणून गुन्हा कबूल केला असं होत नाही, असं जजसाहेबांनी लिहिलंय. आरोप सिद्ध झाला नाही. सोमवारी कामावर जायचंय."